नळीवरची अक्षरे

डहाणूच्या किनाऱ्यावर लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. खिडकीच्या गजांचे पापुद्रे हाताला लागतात, सायकलची साखळी एका पावसाळ्यात आखडते, वाडीतल्या जुन्या घरांचे कडीकोयंडे दर दिवाळीला तेल मागतात. अशा खाऱ्या हवेत दीडशे वर्षांची बंदूक शिल्लक राहिली असेल, तर ती आपोआप राहिलेली नसते. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या तिला पुसलेले असते, धुरकट माळ्यावर कोरड्या जागी ठेवलेले असते, आणि ठेवताना तिचे तोंड खाली केलेले असते.

या पुस्तकाची सुरुवात अशाच एका बंदुकीपासून झाली. तलासरीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याकडून, परवान्यावर रीतसर नोंद होऊन, ती माझ्याकडे आली. कागदावर तिची ओळख एका ओळीत संपत होती: एकनळी, ठासणीची. बंदूक मात्र बरेच काही सांगत होती. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. जिथे गाल टेकतो तिथे घामातेलाने काळाभोर झालेला. नळी आतून गुळगुळीत, म्हणजे छऱ्यांची. पण नळीच्या पाठीवर, मागच्या बाजूला, उघडझाप करणाऱ्या शिडीसारख्या नेमपट्टीचा तळ अजून झाळलेला होता. छऱ्यांच्या बंदुकीला असली नेमपट्टी लागत नाही. ती लागते रायफलीला, शेकडो यार्डांवरचा नेम धरायला. म्हणजे ही बंदूक कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा रायफल होती. पुढे कुणीतरी तिच्या नळीतल्या पिळाच्या खाचा कातून काढल्या आणि तिला शेतावरची बंदूक केले. घोडा जिच्यावर बसतो त्या कळीच्या पट्टीवर, घोड्याच्या मागे, मुकुटाचा ठसा अर्धवट दिसत होता. घोड्याच्या पुढे, जिथे कारखान्याचे नाव आणि साल असायला हवे, तिथे मात्र पट्टी चमच्यासारखी चकाकत होती. आधीच्या कुणा हौशी माणसाने विकण्यापूर्वी पॉलिश पेपर घेऊन तेवढाच भाग घासून लख्ख केला होता.

त्या चकाकीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गंजाने दीडशे वर्षांत जे खाल्ले नव्हते, ते एका दुपारी गेले. जुनी बंदूक चकाकवण्याआधी वाचायला शिकले पाहिजे, आणि जी दुरुस्ती तिची अक्षरे पुसते ती दुरुस्तीच नव्हे, हे त्या दिवशी मला कळले. पुढची सगळी पाने याच एका समजुतीवर उभी आहेत.

या वाटेवर नव्याने येणाऱ्याने आधी शब्द ओळखून घ्यावेत. ते आपल्याच भाषेत आहेत आणि फार देखणे आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सगळे गजाने ठासायचे, म्हणून ही ठासणीची बंदूक. नळीच्या बुडाशी असते ते बारीक छिद्र म्हणजे कान. कानाशी ठेवायची बारीक दारू म्हणजे रंजक. वरून आपटतो तो घोडा, बोटाने ओढायचा तो चाप, तोंडाशी नेमासाठी असते ती माशी. दारूसाठी शिंगाडा, गोळ्यांसाठी तोसदान. आपण रोज बोलतो त्या भाषेत ही बंदूक किती मुरली आहे, हे एकदा मोजून पाहावे. ठासून भरलेली एस्टी, फुसका बार, लग्नाचा बार, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेली बंदूक. दोन सैन्यांत चकमक झडते, ती गारेवर पोलाद घासून उडणाऱ्या ठिणगीची चकमक. काडतूस हा शब्द पोर्तुगिजांच्या कार्तूशवरून आला आणि पिस्तूलही त्यांच्याकडूनच. बंदूक हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ छोटी गोळी.

आग लावण्याची रीत बदलत गेली, तशी बंदुकीची घराणी ठरत गेली. सर्वांत जुनी तोडेदार. सुताच्या वातीचे, म्हणजे तोड्याचे, एक टोक पेटते ठेवायचे आणि चाप ओढला की ते रंजकीवर टेकायचे. पावसात ती निकामी, रात्री तिचा निखारा लांबून दिसायचा, आणि तोडा विझू न देणे हे शिपायाचे अर्धे काम असायचे. तरीही आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली, कारण ती गावच्या लोहाराला करता येत होती, दुरुस्त करता येत होती, आणि तिला बाहेरून काही आणावे लागत नव्हते. दुसरे घराणे चकमकीचे. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा; तो पोलादी पट्टीवर घासला की ठिणगी रंजकीत. तिसरे टोपीचे. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. पुढे त्या मसाल्याची तांब्याची इवलीशी टोपी झाली. ती नळीच्या बुडाच्या बोंडीवर बसवायची, घोडा आपटला की आग थेट नळीत. रंजक गेली, वाऱ्यापावसाची भीती बरीचशी गेली. माझ्याकडे आलेली बंदूक या तिसऱ्या घराण्यातली, आणि आज महाराष्ट्रात परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुकाही बहुतेक याच घराण्यातल्या.

आपल्या किनाऱ्याचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर पोर्तुगिजांना तिथल्या कारागिरांची बंदूक करण्याची हातोटी पाहून नवल वाटले होते. सोळाव्या शतकात वसईपासून दमणपर्यंतची पट्टी त्यांच्या हाती गेली आणि त्यात डहाणूही आले. डहाणूचा किल्ला खाडीकाठी आजही उभा आहे. १७३९ च्या जानेवारीत वसई मोहिमेत मराठ्यांनी डहाणू-तारापूरचा भाग जिंकला. डहाणूच्या दक्षिणेला तारापूरच्या वेढ्यात मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्या तटांवर दोन्ही बाजूंनी झडत होत्या त्या ठासणीच्याच बंदुका.

बंदुकीची देखभाल हा विषय मराठीत नवा नाही, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूखान्याबद्दल सविस्तर सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दारूला ओल लागू देऊ नये, अधिकाऱ्याने आठ-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन ती बाहेर काढून सुकवून घ्यावी आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. सह्याद्रीतला पावसाळा पाहिलेल्या माणसाचे हे शहाणपण आहे. ओल आणि आग, या दोन्हींची सारखीच धास्ती. या पुस्तकातला देखभालीचा भाग वाचताना तो धागा मनात ठेवावा.

मराठ्यांचा कारखानाही होता. महादजी शिंद्यांनी बेन्वा द बॉइन्यच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या तेव्हा आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट माणूस तोफा ओतत होता आणि चकमकीच्या बंदुका करवून घेत होता. एकेका बंदुकीचा खर्च दहा रुपयांच्या घरात, आणि दर्जा विलायती मालाच्या तोडीचा, असे त्या काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. सुटी, एकेकटी घडवलेली बंदूक आणि एका नमुन्याबरहुकूम शेकड्याने केलेली बंदूक, यांतला फरक आपल्या लोकांनी तेव्हाच ओळखला होता. एरवी इतिहासाच्या पुस्तकांत पानिपतच्या गारद्यांबद्दल भरभरून लिहिलेले असते. आग्र्याच्या या कारखान्याला मात्र एखादीच ओळ मिळते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुका ओळखायला सोप्या. कळीच्या पट्टीवर आधी बदामाच्या आकारातले कंपनीचे व्यापारी चिन्ह, आणि एकोणिसाव्या शतकात पुढे मागच्या पायांवर उभा, मुकुट धरलेला सिंह. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड हा या साऱ्या कथेचा मध्य. नळी ३९ इंचांची, आत तीन खाचांचा सावकाश पीळ, नळीचा आतला व्यास इंचाच्या ५७७ सहस्रांश भागांएवढा, वजन साडेनऊ पौंडांच्या आसपास. गोळी शिशाची, लांबट, बुडाशी पोकळ. बार पेटला की ती फुगून खाचांत घट्ट बसते आणि फिरत बाहेर पडते. ठासायला सैल आणि सुटताना घट्ट, ही युक्ती साधल्यामुळेच ठासणीची रायफल साऱ्या सैन्याच्या हाती देता आली. त्याआधी रायफलीत गोळी ठोकून बसवावी लागे, आणि तेवढा वेळ रणांगणावर कुणाकडे नसे.

याच बंदुकीच्या काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्यानंतर काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी त्याच एनफिल्डची खाचा नसलेली, गुळगुळीत नळीची आवृत्ती काढली. दिसायला तशीच, पण लांबचा नेम न साधणारी. तिला शिडीची नेमपट्टीही दिली नाही. दिली एक साधी, न हलणारी खाच. अविश्वास लोखंडात कसा घडवतात, हे पाहायचे असेल तर या दोन बंदुका शेजारी शेजारी ठेवाव्यात. माझ्या बंदुकीवरचा शिडीचा तळ म्हणूनच महत्त्वाचा ठरला. ती शिपायासाठी गुळगुळीत केलेली बंदूक नव्हती. ती खरी रायफल होती, आणि सैन्यातून बाद झाल्यावर तिच्या खाचा कातल्या गेल्या. घासलेल्या पट्टीवर साल उरले असते, तर आणखी एक प्रश्न सुटला असता.

कारखान्यातली बंदूक म्हणजे एकसारख्या भागांची बंदूक, असा समज असतो. तो १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत खरा नव्हता. त्याआधी बर्मिंगहॅमचे आणि लंडनचे कारागीर नमुना समोर ठेवून एकेक भाग हाताने कानशीने जुळवत. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकन यंत्रे आली आणि मग कुठे एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसू लागला. दुरुस्ती करणाऱ्याला हा फरक रोज भोगावा लागतो. हाताने जुळवलेल्या बंदुकीच्या आतल्या भागांवर छिन्नीने मारलेल्या बारीक रेघा असतात. एकाच बंदुकीचे भाग एकत्र राहावेत म्हणून कारागिराने केलेली ती खूण. त्या रेघा जुळल्या, तर कळ मूळची. हरवलेला स्क्रू बाजारात मिळत नाही, कारण त्याचे आटे आजच्या कुठल्याच मापाचे नाहीत. म्हणून कळ उघडण्याआधी पुठ्ठ्यावर तिचे चित्र काढावे आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवावा. हे काम पोरखेळ वाटेल, पण दोन स्क्रूंची अदलाबदल झाल्यामुळे फाटलेले आटे मी पाहिले आहेत.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने लॉर्ड लिटनच्या काळात साऱ्या देशाला परवान्याखाली आणले. त्यामागोमाग गावागावांत एक नवी बंदूक आली: पिकाच्या राखणीची. रानडुकरे, माकडे आणि रानातले इतर प्राणी यांपासून शेत वाचवण्यासाठी दिलेल्या परवान्यावरची. कोकणात आजही ठासणीची बंदूक म्हटले की लोकांना हीच आठवते. काही परदेशी, बर्मिंगहॅमच्या किंवा बेल्जियमच्या लिएज शहरातल्या. काही देशी. बिहारमधल्या मुंगेरला मीर कासिमच्या काळापासून, म्हणजे १७६० च्या दशकापासून, बंदुका घडवण्याची परंपरा आहे, आणि स्वातंत्र्यानंतरही तिथले परवानाधारक छोटे कारखाने एकनळी आणि दुनळी बंदुका करत राहिले. या देशी बंदुकांकडे संग्राहक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. शेतकऱ्याच्या हातात त्याच होत्या, आणि आपला खरा वारसा कुठला असेल तर तोही याच बंदुकांमध्ये आहे.

मात्र डहाणू-तलासरीत बंदुकीबद्दल लिहिताना एवढ्यावर थांबता येत नाही. इथे शतकानुशतके वारल्यांच्या हाती धनुष्यबाण, गलोल आणि काठी होती. परवान्याची बंदूक असायची ती जमीनदाराच्या किंवा सरकारच्या माणसाच्या हाती. २३ मे १९४५ रोजी झरीला वारल्यांची सभा भरली आणि वेठबिगार करणार नाही असे हजारो लोकांनी ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि जेठ्या गांगड यांच्यासह माणसे मारली गेली. वारल्यांचे संघटन करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी हे सारे जवळून पाहिले आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले. ते पुस्तक वाचल्याशिवाय या भागातल्या कुठल्याही जुन्या बंदुकीला हात लावू नये, असे माझे मत आहे. बंदुकीच्या दस्त्यावरचा काळा डाग कुणाच्या गालाचा, आणि तिचे तोंड कुणाकडे होते, हे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत. माझ्याकडची बंदूक ज्या घरातून आली त्या घराला ती, जमीन कसायला मिळाल्यानंतर, पिकाच्या राखणीसाठी मिळाली होती. म्हणजे तिचा मालक बदलला तेव्हा गावातले बरेच काही बदललेले होते.

जुन्या बंदुकीचे काय करावे, याबद्दल जाणकारांत निरनिराळे पंथ आहेत. एक पंथ संग्रहालयवाल्यांचा. जे आहे ते राखा, चालू गंज थांबवा, पुढे काही करू नका, आणि जे कराल ते उद्या काढून टाकता आले पाहिजे, असे ते म्हणतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रे पाहताना या शिस्तीची किंमत कळते. दुसरा पंथ बाजाराचा. वस्तू नवी दिसली की भाव येतो, म्हणून नळीला नवा निळसर रंग, दस्त्याला झगझगीत पॉलिश, पितळ सोन्यासारखे. तिसरा पंथ चालवणाऱ्यांचा. अमेरिकेत १९३३ पासून, आणि १९७१ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर, ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीच्या संघटना आहेत, आणि इटलीतल्या गार्दोने गावाच्या परिसरात जुन्या नमुन्यांच्या नव्या प्रती कारखान्यात होतात. त्यांच्या लेखी बंदूक म्हणजे चालणारे यंत्र. बोंडी नवी घाला, कमान नवी घाला, नळी तपासून घ्या. आणि चौथा पंथ आपल्या गावच्या लोहाराचा, ज्याचे कुठल्या पुस्तकात नाव नाही. तुटला घोडा तर भट्टीत तापवून जोड, दस्ता फुटला तर तांब्याच्या तारेने आवळ, काम चालले पाहिजे.

माझा कल पहिल्याकडे आहे, हे लपवत नाही. पण चौथ्याबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. तांब्याच्या तारेने आवळलेला दस्ता मी कधीही सोडवणार नाही. ती तार बंदुकीचाच एक भाग झालेली आहे, तिच्यावर एका माणसाचा हात आहे. पॉलिश पेपरने घासलेली पट्टी ही तशी गोष्ट नव्हे. तारेने बंदुकीच्या चरित्रात एक प्रकरण वाढले, घासण्याने एक प्रकरण फाडले गेले. दुरुस्तीची पारख करताना मी एवढेच पाहतो की त्या कामाने वाचायला काही वाढले की कमी झाले.

आता हाताच्या कामाबद्दल थोडे. तपशील पुस्तकात पुढे येतीलच, पण एक गोष्ट पहिल्याच पानावर सांगायला हवी, कारण ती जिवाची आहे. जुनी ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. माळ्यावर पन्नास वर्षे पडलेल्या नळीतही दारू कोरडी राहू शकते, आणि बाहेरून ते मुळीच दिसत नाही. बोंडीवर टोपी नाही ना हे पाहून, तोंड निर्धोक दिशेला धरून, गज किंवा लाकडी काठी नळीत अलगद तळापर्यंत सोडावी आणि तोंडाशी खूण करावी. मग काठी बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून पाहावी. खूण नळीच्या तोंडाशी असताना काठीचे टोक कानाजवळ पोचले नाही, चार बोटे अलीकडे थांबले, तर आत काहीतरी आहे. तिथे थांबावे. तापवू नये, ठोकू नये, आत खुपसू नये. परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे जावे. काही जण चाप ओढून बघतात. तसे करून हात गमावलेली माणसे आहेत.

गंजाचेही प्रकार असतात. तपकिरी, घट्ट, जुना गंज लोखंडाची कातडी झालेला असतो. त्याला छेडू नये. नारिंगी, भुरभुरीत, बोटाला लागतो तो जिवंत. त्याला तेलात भिजवून, मऊ पितळी वस्तूने हलकेच उचलावे. हिरड्यातले टॅनिन लोखंडाच्या गंजाशी मिळून काळा, स्थिर थर तयार करते. आपल्या बाजारात सहज मिळणारी ही गोष्ट, पण ती ठशाजवळ वापरू नये. तेलाच्या बाबतीत आपल्याकडे एक चूक सर्रास होते. खोबरेल किंवा गोडे तेल लावले जाते आणि वर्षाभरात ते चिकट होऊन धूळ आणि ओल धरून ठेवते. लोखंडाला खनिज तेल, लाकडाला अगदी थोडे जवसाचे तेल आणि मेण. ज्या बंदुकीतून बार काढला जातो तिचे आणखी एक दुखणे असते. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, आणि डहाणूसारख्या हवेत एका रात्रीत नळी लाल होते. गरम पाण्याने धुणे, पूर्ण कोरडी करणे आणि मग तेल, या तीन पायऱ्यांना दुसरा पर्याय नाही.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये एक सवलत आहे. कालबाह्य नमुन्याचे, पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्त करून किंवा न करताही चालवता येणार नाही, ते कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. ‘दुरुस्त करून किंवा न करताही’ हे शब्द पुन्हा पुन्हा वाचावेत. नवी बोंडी घातली की चालू शकेल अशी बंदूक या सवलतीत येत नाही. तिला परवाना हवाच. बंदूक दुरुस्त करून देण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो, त्यामुळे आजच्या काळात ती गावच्या लोहाराकडे नेणे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही अडचणीत आणू शकते. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखखूण घासून काढणे हा गुन्हा आहे. म्हणजे मी ज्याला पाप म्हणत आलो, ते कायद्यालाही पाप वाटते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी बंदूक १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही. त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयही संपला आहे. या पुस्तकात त्याला जागा नाही.

हे पुस्तक आताच का, असे काही मित्रांनी विचारले. जी पिढी या बंदुका खांद्यावर घेऊन रात्री मचाणावर बसली, ती आता सत्तरी-ऐंशीत आहे. परवानाधारक गेला की वारसांना स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. नाही घेतला तर बंदूक जमा करावी लागते, आणि मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही तर ती सरकारजमा होते. मुंबई-वडोदऱ्याकडे नोकरीला गेलेल्या मुलांना ही यातायात नको असते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण त्या बंदुकीबरोबर तिचे शब्द जातात, तिच्या मालकांची नावे जातात, तिने पाहिलेला काळ जातो. एका ठिकाणी जमा केलेली अशी बंदूक मी काही वर्षांनी पाहिली. तिच्या कळीवरचा ठसा गंजाखाली दिसेनासा झाला होता आणि तिचे छायाचित्र कुणी काढलेले नव्हते. उलट २००३ च्या सुमारास नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो ठासणीच्या आणि इतर बंदुका बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्यावरच्या ठशांवरूनच जाणकारांना कळले की कंपनीची कुठली बंदूक कुठे गेली होती. बंदुकीवरची अक्षरे शाबूत असली तर एवढे समजते.

म्हणून या पुस्तकाचा रोख दुरुस्तीच्या कृतीपेक्षा ओळखीवर आहे. बंदूक समोर आली की आधी काय पाहावे, ठसे कुठे असतात, देशी आणि विलायती बंदूक कशावरून वेगळी करावी, खाचा कातल्या आहेत की मुळातच नव्हत्या हे कसे ठरवावे, आणि मालकाशी बोलताना कुठले प्रश्न विचारावेत, यावर मी सर्वाधिक वेळ दिला आहे. दुरुस्तीचा भाग मुद्दाम आखडता ठेवला आहे, आणि बार भरण्याबद्दल काहीही लिहिलेले नाही. डहाणू आणि तलासरीतल्या ज्या घरांनी आपल्या बंदुका मला पाहू दिल्या, त्यांची नावे त्यांच्या सांगण्यावरून दिलेली नाहीत. चूक असेल तिथे वाचकांनी कळवावे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.

तुमच्या घरात परवान्याची ठासणीची बंदूक असेल, तर आज संध्याकाळी उजेड असताना एवढे करा. काठी टाकून ती रिकामी असल्याची खात्री करा. मग कोरड्या मऊ फडक्याने नुसती धूळ पुसा, आणि कळीवरचे, नळीवरचे आणि दस्त्यावरचे प्रत्येक अक्षर, आकडा, मुकुट, सिंह आणि रेघ एका वहीत जसेच्या तसे उतरवून घ्या. बंदूक कुणाकडून कधी आली, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून त्याखाली लिहा आणि तारीख घाला. तेल त्यानंतर लावा.